एका आसनावर बसलेले गाव
वंदनीय राष्ट्रसंत श्री तुकडोजी महाराज यांचे संक्षिप्त चरित्र

चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकास, वर्धा, वैनगंगा आणि प्राणहिता या नद्यांच्या खोऱ्यांत, साग-बांबूच्या घनदाट वनराईत वसलेले आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा स्वतंत्र झाला. त्यापूर्वी हा सारा मुलूख एकच होता व जुन्या लोकांच्या तोंडी तो चांदा जिल्हा या नावानेच होता. या भूमीत देवदेवतांना व धर्मपंथांना तोटा नाही. चंद्रपूरची आई महाकाली चैत्र महिन्यात दूर मराठवाड्यातील भाविकांना येथवर ओढून आणते. वैनगंगेच्या उत्तरवाहिनी प्रवाहाकाठी मार्कंडादेव येथे महाशिवरात्रीला जनसागर लोटतो. चिमूरचा बालाजी घोडायात्रेसाठी प्रसिद्ध आहे. भद्रावती या एकाच गावात भद्रनागाचे मंदिर, पार्श्वनाथांचे जैन तीर्थ आणि विजासन टेकडीतील बौद्ध लेणी आहेत. वनांतील गोंड बांधवांची पेनठाणी तर या सर्वांच्या सोबतीला आहेतच.

दर्शनास येणाऱ्या भाविकांपैकी पुष्कळ जण एक प्रश्न हटकून विचारतात. इतके देव, इतके पंथ, इतक्या रीती. मग धर्म माणसांना जोडतो की तोडतो? प्रश्न साधा नाही आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. मात्र याच अरण्यात साधना केलेल्या, याच जिल्ह्यात अटक झालेल्या आणि येथील गावोगावी आजही ज्यांची प्रार्थना म्हटली जाते, अशा एका थोर संताचे आयुष्य या प्रश्नाला वाहिलेले होते. ते संत म्हणजे वंदनीय राष्ट्रसंत श्री तुकडोजी महाराज. भाविकांना त्यांच्या जीवनकार्याची ओळख व्हावी, या हेतूने हे अल्प चरित्र येथे देत आहोत.

जन्म व गुरुकृपा

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. वडिलांचे नाव बंडोजी, मातेचे नाव मंजुळाबाई. आडनाव इंगळे. बाळाचे नाव माणिक ठेवण्यात आले. घरची परिस्थिती अत्यंत बेताची असल्यामुळे शिक्षण प्राथमिक इयत्तांच्या पुढे गेले नाही. शाळेत मन रमण्याऐवजी भजन, ध्यान आणि एकांत यांत ते अधिक रमे. वरखेड येथील समर्थ अडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. गुरूंच्या सहवासात माणिकचा तुकड्या झाला आणि पुढे जगाने त्यांना तुकडोजी या नावाने ओळखले.

या नावाचा अर्थ पाहण्याजोगा आहे. तुकडा म्हणजे मोठ्या वस्तूपासून वेगळा झालेला अंश. भिक्षेच्या झोळीत पडणारा भाकरीचा तुकडाही त्यात आला. भाकरीचा तुकडा कोणाच्या घरचा, कोणाच्या चुलीवरचा, हे झोळी विचारीत नाही. सर्व घरांचे अन्न तीत एकत्र होते. महाराजांनी हे नाव आयुष्यभर अभिमानाने मिरविले आणि आपल्या असंख्य भजनांच्या शेवटी नाममुद्रा म्हणून गुंफले.

रामदिघी व गोंदेडा येथील साधना

किशोरवयातच महाराजांनी घर सोडले आणि रामटेक, साळबर्डी, रामदिघी, गोंदेडा येथील अरण्यांत त्यांची भ्रमंती सुरू झाली. यांपैकी रामदिघी आणि गोंदेडा ही दोन्ही स्थाने चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर परिसरात आहेत. त्या काळी हे रान आजच्यापेक्षा कितीतरी दाट होते. वाघ-अस्वलांचा वावर असलेल्या त्या निबिड वनात, डोंगरकपारीतील गुंफेत त्यांनी ध्यानधारणा केली. रामदिघीच्या अरण्यात एका योगीपुरुषाने त्यांना योगमार्गाची दीक्षा दिली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. गोंदेड्याची गुंफा आज तपोभूमी म्हणून ओळखली जाते आणि तेथे दरवर्षी यात्रा भरते.

ज्या रानात महाराज साधना करीत होते, ते रान गोंड समाजाचे घर होय. गोंडांमध्ये कुळांची गणना देवांच्या संख्येवरून होते. कोणी चार देवे, कोणी पाच देवे, कोणी सहा देवे, कोणी सात देवे. समान संख्येचे देव मानणारी कुळे परस्परांत सोयरीक करीत नाहीत, कारण ती भाऊबंद ठरतात. मुलगी द्यायची आणि सून आणायची ती वेगळ्या संख्येच्या देवांच्या घराशी. म्हणजे देव वेगळे असणे हे येथे वैराचे कारण नसून नात्याचे कारण आहे. धर्मभेदातून दुरावाच निर्माण होतो असे मानणाऱ्यांनी या वनवासी रीतीचा अवश्य विचार करावा.

खंजिरी आणि भजन

साधनेनंतर महाराज लोकांत परतले ते हाती खंजिरी घेऊन. मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत त्यांनी हजारो भजने रचली. त्यांचा आवाज खडा, शब्द सोपे आणि ठेका असा की शेतातून थकून आलेला माणूसही ताठ बसावा. भजनासाठी मंदिराचा सभामंडप लागत नसे. गावातील चौक, झाडाचा पार, मळणी झालेले खळे, कोठेही भजन उभे राही. जी माणसे मंदिराच्या पायरीपाशी वेगवेगळी होत, ती खंजिरीभोवती एकत्र बसत. हा अनुभव महाराजांच्या पुढील साऱ्या कार्याचा पाया ठरला.

१९३५ मध्ये साळबर्डी येथे त्यांनी महारुद्र यज्ञ केला. त्यास लाखोंचा समुदाय लोटला व महाराजांची कीर्ती दूरवर पसरली. त्याच वर्षी नागपूर-अमरावती मार्गावरील मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. यज्ञासाठी एकदा जमलेली गर्दी चार दिवसांत पांगते. ती रोजच्या सेवेत कशी टिकवावी, याची वाट या आश्रमाने दाखविली. पुढे श्री गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा विदर्भातील गावागावांत उभ्या राहिल्या. १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून महाराज सुमारे एक महिना सेवाग्राम येथे राहिले. तेथील प्रार्थना, स्वच्छता आणि श्रम यांचा मेळ त्यांनी जवळून पाहिला.

चिमूर आणि कारावास

१९४२ च्या स्वातंत्र्यसंग्रामात चिमूरचे नाव देशभर गाजले. महाराजांच्या भजनांनी या भागात आधीच जागृती केली होती. १६ ऑगस्ट १९४२ हा नागपंचमीचा दिवस. चिमूर येथे निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा तरुण हुतात्मा झाला. संतप्त जमावाच्या हातून काही शासकीय अधिकारी मारले गेले. त्यानंतर गावात लष्कर आले आणि चिमूरवर, विशेषतः तेथील स्त्रियांवर, जे अत्याचार झाले ते आठवूनही अंगावर काटा येतो. त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले.

महाराजांना २८ ऑगस्ट १९४२ रोजी चंद्रपूर येथे अटक झाली. नागपूर व रायपूर येथील मध्यवर्ती कारागृहांत त्यांना ठेवण्यात आले आणि २ डिसेंबर १९४२ रोजी त्यांची सुटका झाली. चिमूरने दोन गोष्टी दाखवून दिल्या. एकत्र आलेल्या माणसांची शक्ती अफाट असते, ही पहिली. त्या शक्तीला शिस्त व विवेक यांची जोड नसेल तर तीच शक्ती होरपळून टाकते, ही दुसरी. सुटकेनंतर महाराजांनी ग्रामसंघटनेवर आणि प्रार्थनेच्या शिस्तीवर अधिकच भर दिला.

सामुदायिक प्रार्थना

महाराजांच्या कार्याचा प्राण म्हणजे सामुदायिक प्रार्थना. पहाटे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना असा तिचा नित्यक्रम आहे. ठरलेल्या वेळी गावातील स्त्री-पुरुष, मुले-वृद्ध एकत्र येतात व सरळ रांगांत बसतात. समोर एक अधिष्ठान मांडलेले असते. मूळ कल्पनेत त्या अधिष्ठानावर कोणत्याही एका पंथाच्या देवतेची मूर्ती ठेवायची नसते. ज्याने त्याने आपल्या उपास्याचे तेथे स्मरण करावे. प्रार्थनेत ईश्वराबरोबर राष्ट्राला व मानवमात्रालाही वंदन असते. प्रार्थनेनंतर गावाच्या हिताचे चिंतन होते.

वरवर पाहता यात नवे काय, असे वाटेल. परंतु त्या काळचे गाव डोळ्यांपुढे आणावे. पाणवठे वेगळे, वस्त्या वेगळ्या, पंगती वेगळ्या. देवळात काहींनी गाभाऱ्यापर्यंत जावे, काहींनी सभामंडपात थांबावे, तर काहींनी रस्त्यावरूनच कळसाला हात जोडावेत. अशा गावात महाराजांनी सर्वांना एका सतरंजीवर, एका रांगेत, एकाच वेळी बसविले. कोणाशेजारी कोण बसणार हे जातीने ठरत नव्हते, तर येण्याच्या क्रमाने ठरत होते. उपदेशाने जे होत नाही ते या बैठकीने साधले. ज्याच्या खांद्याला खांदा लावून रोज सायंकाळी डोळे मिटले, त्याच्या हातचे पाणी सकाळी नाकारणे मनाला जड जाते.

महाराजांनी कोणालाही आपला धर्म सोडण्यास सांगितले नाही. हिंदूने उत्तम हिंदू व्हावे, मुसलमानाने उत्तम मुसलमान व्हावे आणि दोघांनी मिळून गावाचे शेजारी म्हणून जगावे, अशी त्यांची धारणा होती. भेद पुसून टाकणे हे त्यांचे ध्येय नव्हते. भेदांमुळे माणूस बाहेर राहू नये, हे होते.

बंद दारे आणि धम्मदीक्षा

धर्म माणसांना जोडतो, असे म्हणताना या जिल्ह्याच्या इतिहासातील एका मोठ्या घटनेकडे पाठ फिरविता येणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व लाखो अनुयायांना दिली. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, चंद्रपूर येथेही दीक्षेचा सोहळा झाला. ज्या स्थानी तो झाला तेथे आजही दरवर्षी मोठा जनसमुदाय जमतो.

मंदिराच्या व्यवस्थेशी संबंधित असलेल्या आम्हा सर्वांना ही घटना अंतर्मुख करणारी आहे. जी दारे शतकानुशतके बंद राहिली, त्या दारांपुढे माणसाने किती काळ उभे राहावे? साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या श्रीविठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, तेव्हा कोठे ते दार उघडले. तोवर पुष्कळांच्या मनातील दार मिटले होते. म्हणून या घटनेकडे धर्माने समाज फोडला अशा दृष्टीने पाहणे योग्य नव्हे. धर्माच्या नावाने दार लावून घेणाऱ्यांनी माणसे दूर लोटली आणि दूर लोटलेल्यांनी धम्माच्या आश्रयाने स्वतःला पुन्हा एकत्र बांधले. तोडणेही येथे धर्माच्या नावाने झाले आणि जोडणेही धर्माच्याच आधाराने झाले. महाराजांची सामुदायिक प्रार्थना याच दुखण्यावर आतून केलेला उपचार होता. तो उपचार गावोगावी लवकर आणि मनापासून स्वीकारला गेला असता, तर आपल्या समाजाचे चित्र निराळे दिसले असते.

जपान, साधू समाज आणि विश्वबंधुत्व

१९५५ मध्ये महाराज जपान येथे भरलेल्या विश्वधर्म व विश्वशांती परिषदेस गेले. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बने होरपळलेल्या त्या देशात नाना धर्मांच्या प्रतिनिधींपुढे वऱ्हाडातील हा खंजिरीवाला संत उभा राहिला. इंग्रजी शिक्षणाचा गंध नसलेल्या या महापुरुषाने आपल्या भजनांनी व विचारांनी तेथील सभेस प्रभावित केले.

देशातील विविध पंथांचे साधू-संन्यासी आपापल्या मठांत अलग राहतात, त्यांनी एकत्र येऊन राष्ट्रकार्यास लागावे, या हेतूने १९५६ मध्ये भारत साधू समाजाची स्थापना झाली. त्यात महाराजांचा पुढाकार होता. १९६४ मध्ये मुंबईत विश्व हिंदू परिषदेची स्थापना झाली, तेव्हा त्या कार्यातही त्यांचा सहभाग होता. स्वधर्मीयांचे संघटन आणि सर्वधर्मीयांची प्रार्थना या दोन गोष्टींत त्यांना विरोध वाटला नाही. आपले घर नीट लावावे आणि शेजाऱ्याच्या घरी सुखदुःखाला जावे, इतकी ती साधी गोष्ट त्यांच्या दृष्टीने होती. विनोबाजींच्या भूदानकार्यास त्यांनी साथ दिली. १९६२ व १९६५ च्या युद्धप्रसंगी सीमेवर जाऊन त्यांनी जवानांचे मनोधैर्य वाढविले. देशाचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत या उपाधीने गौरविले.

ग्रामगीता : मंदिरांविषयी महाराजांचे विचार

१९५५ मध्ये महाराजांचा ग्रामगीता हा ग्रंथ सिद्ध झाला. ४१ अध्याय आणि ४६७५ ओव्यांचा हा ग्रंथ त्यांनी ग्रामदेवतेला अर्पण केला आहे. शेती, आरोग्य, गोवंश, श्रम, स्त्रियांची उन्नती, विवाह, अंत्यसंस्कार, असा गावाच्या जीवनाचा एकही भाग त्यात सुटलेला नाही. यात्रा-मेळे, देव-मंदिरे आणि सामुदायिक प्रार्थना यांवर स्वतंत्र अध्याय आहेत. यात्रेकरूंनी व दात्यांनी हे अध्याय अवश्य वाचावेत.

त्यांचा आशय थोडक्यात असा. मंदिर हे गावाच्या उन्नतीचे केंद्र असावे. तेथे स्वच्छता असावी, ज्ञानचर्चा असावी, तरुणांना वळण लागावे, अडल्या-नडल्यास आधार मिळावा. जातीजातींची, घराण्याघराण्यांची वेगळी देवळे उभारण्यात शक्ती वेचण्यापेक्षा आहे त्या मंदिराची निगा राखावी व सर्व गावाने तेथे एकत्र यावे. यात्रा ही सत्संग, उद्योग आणि ज्ञानाची देवघेव यांसाठी असावी. जुगार, व्यसन, फसवणूक आणि घाण यांसाठी नसावी. देवापुढे मुक्या प्राण्यांचा बळी देणे हा धर्म नव्हे. संताची ओळख चमत्कारावरून करू नये, तर त्याच्या सेवेवरून करावी.

दानधर्म करणाऱ्यांसाठी यात मोठा बोध आहे. देवाला अर्पण केलेले द्रव्य शिखरावर चढावे की भुकेल्याच्या पानात पडावे, हा विचार दात्याने करावयाचा असतो. शिखर लांबून दिसते आणि त्यावर दात्याचे नावही कोरता येते. अन्नछत्रातील घास दिसत नाही, परंतु तो घास ज्या पंगतीत वाढला जातो तिच्यात कोणाच्या शेजारी कोण बसले आहे, हे परमेश्वर पाहत असतो.

महानिर्वाण

अखेरच्या काळात महाराजांना कर्करोगाने ग्रासले. मुंबई येथे उपचार झाले, परंतु दुखणे हटले नाही. तशाही अवस्थेत त्यांचे चिंतन व लोकांशी बोलणे चालूच होते. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंज आश्रमात त्यांनी देह ठेवला. आश्रमासमोरच त्यांची समाधी आहे.

दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात आश्विन वद्य पंचमीस, त्याच ४ वाजून ५८ मिनिटांनी, मोझरी येथे लाखो भाविक मौन श्रद्धांजली अर्पण करतात. महामार्गावरील वाहने थांबतात. एवढ्या जनसमुदायात श्वासाचाही आवाज येऊ नये, अशी शांतता पसरते. त्यानंतर विविध धर्मांच्या प्रार्थना एकाच व्यासपीठावरून म्हटल्या जातात. शब्दांनी माणसे वेगळी होऊ शकतात. मौनाला मात्र पंथ नसतो, याची प्रचीती तेथे येते.

२००५ मध्ये नागपूर विद्यापीठास महाराजांचे नाव देण्यात आले. ब्रह्मपुरी परिसरातील अड्याळ टेकडीवर गीताचार्य तुकारामदादा यांनी ग्रामगीतेतील विचार आचरणात आणण्यासाठी आपले आयुष्य वेचले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आडवळणाच्या गावांतही सायंकाळी गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना कानी पडते आणि एखाद्या ओसरीवर खंजिरी टांगलेली दिसते.

भाविकांस नम्र निवेदन

धर्म माणसांना जोडतो की तोडतो, या प्रश्नाचे उत्तर महाराजांच्या चरित्रात सापडते ते असे. धर्म हे दारासारखे आहे. दार आत घेण्यासाठीही असते व बाहेर ठेवण्यासाठीही. ते उघडायचे की लावायचे, हे देव ठरवीत नाही. दारापाशी उभी असलेली माणसे ठरवितात. ही माणसे म्हणजे पुजारी, विश्वस्त, मानकरी, सेवेकरी आणि रांगेत उभे असलेले आपण सर्व भाविक.

या देवस्थानात महाप्रसादाची पंगत सर्वांसाठी एकच असते. दर्शन झाल्यावर भाविकांनी घाई न करता पंगतीत बसावे, शेजारी बसलेल्या अनोळखी बांधवाची विचारपूस करावी, त्याच्या गावची वार्ता ऐकावी आणि त्याच्या पानात काही कमी असेल तर वाढप्यास हाक द्यावी. सवड असल्यास रामदिघी, गोंदेडा व मोझरी या पावन स्थळांचेही दर्शन घ्यावे. आपल्या गावी परतल्यावर आठवड्यातून एकदा तरी सर्व वस्त्यांतील माणसांसह एका सतरंजीवर बसून प्रार्थना करावी, म्हणजे ही यात्रा खऱ्या अर्थाने सफल झाली असे म्हणता येईल.

॥ जय गुरु ॥